साखळी आधी सोडा



आज स्वयंपाकघरातलं काही लिहिणार नाही. लोणच्याच्या कैऱ्या आणून ठेवल्या आहेत, त्या राहू देत आजच्या दिवस. गेल्या रविवारी आमच्या मंडळाच्या बैठकीत मी एक विषय मांडला आणि तो दोन मिनिटांत निकालात निघाला. तिथे मला नीट बोलता आलं नाही. घरी येऊन भांडी घासताना सगळी उत्तरं सुचली. तुमचंही असंच होत असेल, म्हणून इथे लिहिते.

विषय साधा होता. पावसाळा तोंडावर आला आहे. आमच्या सातपूरमधून नासर्डी वाहते, आता तिला नंदिनी म्हणतात. एरवी ती नाल्यासारखी दिसते, पण पाऊस लागून राहिला की काठच्या घरांत शिरते. मग माणसं पोरंबाळं घेऊन शाळेत नाहीतर एखाद्या सभागृहात येऊन बसतात. त्यांच्या घरी कुत्रं असतं, मांजर असतं, एखादीकडे शेळी असते. त्यांना कुठेच जागा नसते. मी म्हटलं, आपल्या सभागृहामागे पत्र्याची शेड आहे, मांडवाचं सामान ठेवायची. पुराच्या चार दिवसांत ती या मुक्या जिवांना देऊ या. आपण पाच-सहा जणी पाळीपाळीने बसू.

एकीने म्हटलं, "माणसं बुडायला लागली आणि तुम्हाला कुत्री सुचतात?" दुसरी म्हणाली, "मांसाहारी जनावरं ती. आपल्या वास्तूत कशी घ्यायची?" तिसरी म्हणाली, "जीवदयेला आपण दरवर्षी पावती फाडतोच की." मग पुढचा विषय घेतला. पुढचा विषय सहलीचा होता. तो पाऊण तास चालला.

या तिघींनाही मी उत्तर देणार आहे. पण त्याआधी माझ्या स्वतःच्या खात्यावर काय नावे पडलं आहे ते सांगते. दुसऱ्यांना बोल लावायचा तर आपली वही आधी उघडावी.

4 ऑगस्ट 2019, रविवार. नाशकात गोदावरीला मोठा पूर आला. दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला. नाशिककरांना पूर किती हे विचारायला आकडे लागत नाहीत, मारुतीच्या कमरेला की छातीला एवढं सांगितलं की पुरतं. आम्ही टीव्हीपुढे बसून ते बघत होतो आणि दोनच दिवसांत माझं माहेर पाण्यात गेलं.

माझं माहेर शिरोळ तालुक्यात, कृष्णा आणि पंचगंगेच्या कुशीत. तिकडे जैन म्हणजे व्यापारी असं नसतं, आम्ही शेतकरी माणसं. गावात प्रत्येकाच्या डोक्यात 2005 च्या पुराची खूण पक्की होती. भिंतीवर तेव्हाची रेघ दाखवायचे, पाणी हिच्यापुढे येत नाही म्हणायचे. त्या रेघेच्या भरवशावर किती घरं थांबून राहिली! त्या वेळी पाणी रेघ ओलांडून वर गेलं. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे, त्या वेळी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती.

दादाने म्हशी आदल्या दिवशीच जयसिंगपूरच्या बाजूला हलवल्या होत्या. मोत्या मात्र गोठ्यात बांधलेला राहिला. मागे राखण नको का! दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात कमरेएवढं पाणी आणि दारात बोट. तेव्हा वहिनीचा फोन आला. "आक्का, मोत्या बांधल्याला हाय. त्याला बोटीत घेत न्हाईत. माझा पाय निघंना."

आणि मी, पाणी तीन वेळा गाळून पिणारी, ओट्यावरची मुंगी फुंकरीने बाजूला करणारी, काय म्हणाले? "अगं, आधी तू बोटीत बस. कुत्र्याचं काय घेऊन बसलीस!"

वहिनी बसली.

साखळी सोड आणि मग बस, एवढंच मी म्हणायला हवं होतं. दहा सेकंदांचं काम होतं. गोठ्याच्या माळ्यावर कडब्याच्या पेंढ्या होत्या, मागे उंच बांध होता. कुत्र्याला पोहता येतं. मोकळा असता तर वाचला असता का, हे मी सांगू शकत नाही. बांधलेला वाचणार नव्हता हे मात्र तेव्हाही कळत होतं. आठ दिवसांनी ती दोघं परत गेली. काय दिसलं ते लिहीत नाही. साखळी खांबाला तशीच होती. वहिनीने आजवर मला एका शब्दाने बोल लावला नाही. तेच जड जातं.

बोटवाल्यांना मी दोष देत नाही. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला जास्त माणसं भरलेली बोट उलटली, बाया-पोरं बुडाली. भरल्या बोटीत माणूस आधी, यावर माझा कुणाशीही वाद नाही. माझा वाद पुढच्या गोष्टीवर आहे. माणूस आधी म्हणता म्हणता आपण जनावर कधीच नाही इथवर येऊन पोचलो आहोत.

आता पहिल्या बाईंना उत्तर. माणसांचं बघायचं म्हणता ना, मग माणसांचंच बघा. ज्या घरात जनावर असतं त्या घरातला माणूस त्याला टाकून सहजी निघत नाही. वहिनीचा पाय निघत नव्हता तेव्हा बोट दारात थांबली होती आणि बोटीत आधी बसलेली चार घरची माणसंही थांबली होती. 2018 साली केरळच्या पुरात थ्रिस्सूरकडे एका बाईने आपल्या 25 कुत्र्यांना सोडून निघायला नकार दिला. सुटका करायला आलेल्यांना आधी परत जावं लागलं. पुढे कुत्र्यांची सोय झाली तेव्हा ती निघाली. तिला वेडी म्हणणं सोपं आहे. पण अशी वेडी माणसं प्रत्येक गल्लीत एक-दोन असतात, हे धरून तयारी करायची की नाही?

अमेरिकेला हा धडा महागात पडला. 2005 साली कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्स बुडालं. निवाऱ्यांत आणि बसमध्ये जनावरांना मनाई होती. त्या पायी कितीतरी लोक घरीच थांबले. बसमध्ये चढणाऱ्या एका लहान मुलाच्या हातून पोलिसाने त्याचं पांढरं कुत्रं काढून घेतलं आणि ते पोर रडून रडून ओकलं, ही बातमी तेव्हा जगभर गेली. पुढच्याच वर्षी, 2006 मध्ये, तिथे कायदा झाला. राज्यांनी आणि गावांनी आपत्तीच्या आराखड्यात पाळीव जनावरांचाही विचार करायचा, असं त्यात आलं. त्यांना काही जीवदयेची पाठशाळा नव्हती. माणसं गमावल्यावर हिशेब कळला.

आपल्याकडचा हिशेबही बघा. मी बी.कॉम. आहे, सरकारी तक्ता दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे 2022 ते 2026 साठीचे निकष आहेत. दुभती गाय किंवा म्हैस गेली तर 37,500 रुपये. ओढकामाचा बैल 32,000. वासरू 20,000. शेळी-मेंढी 4,000. कोंबडी 100. शेतकऱ्याला हे मिळायलाच हवं, माझ्या भावालाही लागलं असतं. पण त्या तक्त्यात एक अट आहे, जनावर आर्थिकदृष्ट्या उत्पादक असायला हवं. कुत्रं-मांजर त्यात कुठेच नाही. मला भरपाई नको आहे. मोत्याची काय किंमत लावणार? पण ज्याची नोंदच नाही त्याच्यासाठी बोटीत, निवाऱ्यात, चाऱ्याच्या ट्रकमध्ये जागा कोण राखणार? म्हशी आदल्या दिवशी निघाल्या आणि मोत्या राहिला, यामागे आमच्या घराचाही असाच एक न लिहिलेला तक्ता होता. सरकारला हसण्याचा आम्हाला हक्क नाही.

आणि आरोग्याचं म्हणाल तर पूर ओसरल्यावर गावात मेलेली जनावरं पडलेली असतात, ती उचलायची कुणी आणि पुरायची कुठे हा मोठा प्रश्न होऊन बसतो. चिखलातून लेप्टोसारखे आजार पसरतात. जितं जनावर उंचावर नेणं हे माणसाच्याही फायद्याचं आहे.

आता दुसऱ्या बाईंना. "मांसाहारी जनावरं."

बाई, आपल्या मंदिरात पार्श्वनाथ भगवंतांच्या मस्तकावर कुणाचा फणा आहे? राजकुमार असताना त्यांनी तापसाच्या लाकडात सापडलेल्या नाग-नागिणीची वेदना ओळखली, शेवटच्या क्षणी त्यांना धर्म ऐकवला. तेच पुढे धरणेंद्र आणि पद्मावती झाले. पद्मावतीची ओटी आपण भरतो. नाग काय फराळाचे शेंगदाणे खाऊन राहत होता? राजकुमाराने आधी त्याचा आहार विचारला नाही.

तुम्हाला कुत्राच हवा असेल तर जीवंधर कुमारांची कथा काढा. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावलं म्हणून लोकांनी एका कुत्र्याला मरेस्तोवर मारलं होतं. जीवंधराने त्याच्याजवळ बसून त्याच्या कानात णमोकार म्हटला आणि तो जीव यक्षयोनीत गेला. आणि समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात काय सांगितलं आहे? धर्माच्या बळावर कुत्राही देव होतो आणि पापाने देवही कुत्रा होतो. आचार्यांना दुसरं एखादं सोज्वळ जनावर सापडलं नसतं का?

पण मला रात्री जागं ठेवतं ते वेगळंच आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकलेले आहेत. त्यांत एक आहे बंध, म्हणजे जिवाला बांधून अडकवून ठेवणं. एक आहे अन्नपाननिरोध, म्हणजे त्याचं खाणं-पिणं तोडणं. पुराच्या पाण्यात साखळीने बांधलेलं कुत्रं म्हणजे हे दोन्ही अतिचार एकाच खांबाला. इतकी वर्षं मी ते म्हणत आले आणि वेळ आली तेव्हा फोनवर एकही आठवला नाही. सरकारी कायदाही आहे. 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्यात जनावराला उपाशी-तहानलेलं टाकून जाणं हा गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. कोथिंबिरीच्या जुडीएवढा. त्या दंडाला कुणी भीत नाही. पण अतिचाराला आपण भितो ना? की तो फक्त परीक्षेपुरता पाठ करायचा?

एक अडचण मी मान्य करते. कुत्रं दूध-भाकरीवर, भातावर चार दिवस काढतं. मांजराचं तसं नाही. त्याचं खाणं मी शिजवणार नाही, हातही लावणार नाही. ते ज्याचं त्याने आणावं आणि शेडच्या बाहेरच्या बाजूला द्यावं. माझं व्रत माझ्यापाशी. पण माझं व्रत पाळायला मांजराने बुडावं असं मी म्हणू शकत नाही.

कुणी असंही म्हणेल, जनावर पाळणं हाच मुळात परिग्रह, मोह. असेल. मग पाळू नका. पण पिल्लू घरी आणताना, गळ्यात पट्टा बांधताना परिग्रह आठवला नाही, आणि पाणी उंबऱ्याला लागल्यावर बरा आठवला!

आता पावतीचं. गोशाळेला, पांजरपोळाला पैसे देणं चांगलंच आहे, मीही देते. तिथली जनावरं त्या पैशांवर जगतात. पण पावती फाडून आपण एक गोष्ट विकत घेतो, लांब राहण्याची सोय. आपली जीवदया दुसऱ्या गावी, दुसऱ्याच्या हातून होते आणि तिचा वास आपल्या घरी येत नाही. ओल्या कुत्र्याला वास येतो. ते अंग झटकतं, घाबरून चावायलाही येतं. ही दया फळ्यावर नाव लिहून होत नाही, तिला जुन्या चादरी लागतात आणि रात्रीची झोप लागते. पर्वात जीवदयेची बोली चढवताना आपला आवाज सगळ्या हॉलला ऐकू जातो. मग त्याच हॉलमागच्या शेडची किल्ली मागितली तर का मिळू नये?

इथवर मी इतरांना बोलले. आता जे हौसेने या कामात उतरतात त्यांनाही थोडं सुनावते, माझ्या नातवाच्या वयाची मुलं त्यात फार आहेत. पुराच्या पाण्यात आपणहून उडी घेऊ नका. पोहायला येणं वेगळं आणि पुराची ओढ वेगळी. तुम्हाला काढायला आणखी दोघांना उतरावं लागलं तर पुण्य कसलं? पाण्यातलं काम शिकलेल्यांचं. आपलं काम काठावरचं आहे आणि ते भरपूर आहे. सांगलीकडे बैल-गाढवांसाठी काम करणारी ॲनिमल राहत ही संस्था आहे, तिची माणसं वर्षभर गावोगाव फिरतात, म्हणून पुराच्या दिवसांतही त्यांना कुणाचं जनावर कुठे बांधलं आहे ते ठाऊक असतं. आदल्या दिवशी ओळख नसेल तर पुराच्या दिवशी काही होत नाही.

दुसरं, उचललेलं जनावर म्हणजे आपलं झालं असं समजू नका. कतरिनानंतर हजारो जनावरं लांबच्या राज्यांत पाठवली गेली, तिथे लोकांनी ती पाळली. मूळ मालक शोधत गेले तेव्हा द्यायला तयार नाहीत, प्रकरणं कोर्टात गेली. ज्यांचं घर बुडालं त्यांचं कुत्रंही गेलं, आणि तेही दयेच्या नावाखाली!

लहानपणी आई विहिरीचं पाणी गाळून झाल्यावर गाळणं उलटं धरायची, त्यावर गाळलेलं पाणी ओतायची आणि ती जिवाणी कळशीने अलगद त्याच विहिरीत सोडायची. मी एकदा कंटाळून ती अंगणातल्या तुळशीत ओतली तर पाठीत धपाटा बसला. जिथला जीव तिथे गेला पाहिजे, हा तिचा नियम. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाला आपण त्याच्या विहिरीत पोचवतो. मग गळ्यात पट्टा असलेल्या कुत्र्याला त्याच्या दारात पोचवणं आपल्याला जमू नये?

म्हणून माझं मागणं पुन्हा लिहून काढते. पुढच्या बैठकीत हेच वाचून दाखवणार आहे.

शेडची एक किल्ली पावसाळाभर जवळ राहणाऱ्या बाईकडे असावी. तिथे एक जाड नोंदवही ठेवावी. जनावर आलं की तारीख, वेळ, कुठून आलं, कुणाचं, रंग-खूण, आणलं कुणी, आणि जाताना नेलं कुणी याची सही. मोबाईलमध्ये त्याचा फोटो, फक्त ओळखीसाठी. जमेची प्रत्येक नोंद नावेच्या बाजूला बंद झाली की आपलं काम संपलं. ही वही मी सांभाळीन, तेवढं बी.कॉम. अजून शाबूत आहे.

कुत्री आणि मांजरं वेगवेगळ्या बाजूंना, मध्ये प्लायवूड. शेळ्या तिसरीकडे. दोर, जुन्या चादरी, पत्र्याचे वाडगे, गाळलेलं पाणी. ज्याला आवरता येत नाही त्याच्या मालकाने जवळ थांबावं. रेबीजची लस आधीच टोचून घ्यायला काठच्या वस्तीत आत्ता, ज्येष्ठातच, दारोदार जाऊन सांगायचं. कुणाकडे काय जनावर आहे हेही त्याच फेरीत लिहून घ्यायचं. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना आधी भेटून ठेवायचं. महापालिकेच्या आपत्ती कक्षाला एक पत्र द्यायचं की आमच्याकडे एवढ्या जनावरांची सोय आहे, बोटीवर आणि निवाऱ्यावर तसं सांगा. निघायची वेळ आलेल्या बाईला आपल्या कुत्र्याला जागा आहे हे कळलं तर ती लवकर निघेल.

आणि सगळ्यात आधीचं, ज्याला शेड लागत नाही, मंडळ लागत नाही, ठराव लागत नाही. पाणी चढायला लागलं आणि जनावर नेता येत नसलं तरी त्याला बांधून ठेवू नका. दावं सोडा, साखळी काढा, खोलीत कोंडू नका, जिना मोकळा ठेवा, उंचावर खाणं-पाणी ठेवा. शेजारचे निघून गेले असतील आणि जाणं सुरक्षित असेल तर त्यांच्या अंगणात डोकावून या. घरची सून-लेक फोनवर रडत असेल तर तिला काय बोलायचं ते मी आता शिकले आहे. "आधी साखळी सोड. मग बोटीत बस."

2019 च्या त्या पुरानंतर महिन्याभराने दशलक्षण पर्व आलं. क्षमावणीच्या दिवशी आपण सगळ्या जिवांची क्षमा मागतो. त्या वर्षी वहिनीला फोन केला, दोघींनी एकमेकींना उत्तम क्षमा म्हटलं आणि नंतर बराच वेळ कुणीच बोललं नाही. सगळ्या जिवांची क्षमा मागणं सोपं असतं, त्यांत कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. माझ्या यादीत एक नाव आहे.

ज्या तिघी त्या दिवशी बोलल्या त्या माझ्या मैत्रिणीच आहेत. माझ्या बोलण्याने मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. पण शेडच्या किल्लीचा विषय मी पुन्हा मांडणार आहे, आणि या वेळी सहलीच्या आधी.